औंधचे राजेसाहेब आणि डब्यातले आरोग्य

बिनबाह्यांच्या बनियनला आपण सँडो म्हणतो. दोरीवर वाळत घालताना म्हणतो, दुकानात मागताना म्हणतो. पण हे एका माणसाचे नाव आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे. युजेन सँडो हा जर्मनीतल्या क्योनिग्सबर्ग शहरात १८६७ साली जन्मलेला मल्ल. बळाचे प्रयोग करून दाखवता दाखवता तो लंडनमध्ये स्थायिक झाला आणि शरीर कमावण्याच्या विद्येचा त्याने एक मोठा व्यापार उभा केला. व्यायामाची पुस्तके, स्प्रिंगची डंबेल्स, टपालाने शिकवणी, सगळे काही सँडोच्या नावावर खपू लागले. या व्यापारात अन्नही होते. दुधापासून केलेल्या प्लाझमॉन नावाच्या पुडीच्या जाहिरातीत तो झळकला आणि पुढे त्याने स्वतःच्या नावाचा शक्तिवर्धक कोको बाजारात आणला. सकाळी एक पेला घ्यावा आणि दिवसभर सिंहासारखे हिंडावे, अशा थाटाचा हा माल होता. आज आपल्या कॉलेज रोडवरच्या दुकानांतून पुरुषांसाठी म्हणून जे मोठमोठे डबे मांडलेले दिसतात, त्या डब्यांचा पणजोबा म्हणून सँडोच्या कोकोकडे बोट दाखवायला हरकत नाही.

परंतु प्रस्तुत लेखाचा नायक सँडो नव्हे. नायक आहेत ते सँडोचे एके काळचे एकनिष्ठ शिष्य, औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सार्वजनिक वाचनालयात बसून औंधविषयी जे जे हाती लागले ते वाचताना मला या माणसाचे मोठे नवल वाटत गेले. राजेसाहेबांविषयी आपल्याला असलेली माहिती बहुधा सूर्यनमस्काराच्या तक्त्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. औंध हे सातारा भागातले लहानसे संस्थान. नकाशावर सलग नसलेले, इथे चार गावे तर तिथे दहा, अशी एकूण ७२ गावे. भवानराव हे धाकट्या पात्यातले, म्हणजे गादीवर बसण्याची फारशी अपेक्षा नसलेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. त्या काळी राजपुत्राने पदवी घेणे ही गोष्ट सोपी नव्हती, कारण त्याला शिकण्याची गरज आहे असे कोणालाच वाटत नसे. पुढे वडिलांच्या हाताखाली त्यांनी संस्थानच्या कारभारात काम केले. चित्रकलेचा नाद लहानपणापासून होता. तोही वाढत गेला.

आणि नेमके याच वयात सँडो त्यांच्या आयुष्यात आला. १८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोचे पुस्तक आणि त्याची सारी साधने विकत घेतली आणि पुढली सुमारे दहा वर्षे ती पद्धत न चुकता पाळली. स्वतः सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात आला, मुंबई-कलकत्त्याला त्याचे खेळ झाले, गावोगाव त्याच्या नावाचा बोलबाला झाला. आपल्या बनियनला त्याचे नाव मिळाले ते या लाटेतूनच. दहा वर्षे हा काही लहान काळ नव्हे. एखादा हौशी संस्थानिक दोन महिन्यांत कंटाळून डंबेल्स माळ्यावर टाकता. बाळासाहेबांनी तसे केले नाही. मात्र दहा वर्षांच्या अनुभवानंतर त्यांना असे दिसू लागले की छाती भरते, दंड भरतात, पण साधने महाग, ती परदेशातून यायची, आणि एवढे करून आतड्यांना, फुफ्फुसांना, पाठीच्या कण्याला जे मिळायला हवे ते मिळत नाही. राजाला परवडणारा व्यायाम त्याच्या प्रजेला परवडत नसेल तर त्याचा उपयोग काय, असा हा प्रश्न होता.

तेव्हा ते परत घरी आले. घरी म्हणजे सूर्यनमस्काराकडे. पंतप्रतिनिधींच्या घराण्यात नमस्कारांची रीत जुनी होती. शिवाय मिरजेच्या राजेसाहेबांचेही या बाबतीत त्यांना प्रोत्साहन मिळाले. आपल्या नाशिककरांना ही गोष्ट परकी वाटू नये. नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले आणि तेथे ते रोज शेकडो नमस्कार घालीत, अशी परंपरा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण परंपरेतला नमस्कार हा पूजेचा भाग होता. बाळासाहेबांनी त्याला व्यायामाचे शास्त्र केले. दहा स्थिती ठरवल्या, प्रत्येक स्थितीत श्वास कोठे घ्यायचा व कोठे रोखायचा ते ठरवले, वयाप्रमाणे संख्या सांगितली, ॐकार आणि बीजमंत्र स्पष्ट उच्चारायला लावले. त्यांच्या मते या उच्चाराचाही शरीराला व्यायाम घडतो. लागणारी साधने काय, तर एक माणूस झोपू शकेल एवढी जागा. पैसा एकही नाही.

१९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर आले आणि मग या वेडाला संस्थानाचे बळ मिळाले. औंधच्या सगळ्या शाळांत मुलामुलींना नमस्कार सक्तीचे झाले. मुलींनाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्या काळी मुलींनी शाळेत जाणे हाच अनेकांच्या मते पुरेसा व्यायाम होता! राजेसाहेब स्वतः गावोगाव जाऊन नमस्कार घालून दाखवीत. त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत पुस्तके लिहिली, तक्ते छापले, चित्रपटही काढवला. ते स्वतः कीर्तनही करीत, तेव्हा बोलण्याचा संकोच असा नव्हताच.

येथे आहाराचा विषय येतो, आणि माझ्या मते राजेसाहेबांच्या शिकवणीतला हा भाग नमस्कारांइतकाच मोलाचा असून त्याची आठवण मात्र कोणी ठेवलेली नाही. नमस्कार घालून वर वाटेल ते खाल्ले तर चालणार नाही, यावर त्यांचा कटाक्ष होता. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ, मैदा, पांढरी साखर यांना त्यांचा विरोध. चहा, कॉफी, तंबाखू यांना तर ठाम विरोध. हातसडीचा तांदूळ, कोंडा न काढलेली कणीक, मोड आलेली कडधान्ये, कच्च्या भाज्या, दूध, ताक हे त्यांचे अन्न. ते हे सांगत होते तेव्हा विज्ञानही त्याच वाटेवर होते. सडलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होतो आणि कोंडा खाल्ला की तो बरा होतो, हे पूर्वेकडच्या डच वसाहतीत आधीच आढळले होते. १९१२ मध्ये फुंक या शास्त्रज्ञाने अशा द्रव्यांना व्हिटॅमिन हे नाव दिले. नीलगिरीतल्या कुन्नूरला मॅककॅरिसन या डॉक्टरांनी उंदरांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांचे जेवण घालून पाहिले, तेव्हा कोंड्यासकट गव्हाची रोटी, दूध, डाळ आणि ताज्या भाज्या खाणारे उत्तरेकडच्या आहारावरचे उंदीर सर्वांत धट्टेकट्टे निघाले. म्हणजे औंधच्या राजाचे स्वयंपाकघर आणि कुन्नूरची प्रयोगशाळा यांचे म्हणणे जवळजवळ एकच होते.

या गोष्टीचा विचार करताना मला एक गंमत वाटते. गिरणीत आपण धान्याचा कोंडा काढून टाकतो, त्याबरोबर जीवनसत्त्वे जातात, आणि मग तीच जीवनसत्त्वे गोळीत भरून, गोळी डब्यात भरून, डब्यावर पिळदार दंडांचे चित्र लावून, आपल्याला हजारो रुपयांना परत मिळतात. धान्य आपले, गोळी त्यांची.

हे मी थट्टेने लिहीत असलो तरी विषय थट्टेचा नाही. माझा एक मावसभाऊ निफाड तालुक्यातून नाशिकला पोलीस भरतीच्या तयारीसाठी आला. पहाटे साडेचारला उठून मैदानावर सोळाशे मीटर धावायचे, गोळा फेकायचा, दिवसा अभ्यास. घरी दीड एकर कांदा. भाव पडला की पैसे येणे बंद. बरोबरच्या मुलांपैकी कोणीतरी त्याला पुरुषांच्या शक्तीसाठी सर्व काही एकाच चमच्यात असलेला डबा घ्यायला सांगितले. त्यात जीवनसत्त्वे, अश्वगंधा, शिलाजीत, प्रोटीन, आणि काय काय. डबा अडीच हजारांचा. त्याने तो घेतला आणि पैसे भरून काढण्यासाठी खानावळीचे रात्रीचे जेवण बंद केले. म्हणजे जेवण विकून त्याने जेवणाची पुरवणी विकत घेतली. महिन्याभरात वजन तीन किलो उतरले. त्याला मी हसलो नाही. भरतीची वयोमर्यादा जवळ आलेली असते, एकेका सेकंदावर गुण जातात, आणि अशा वेळी डब्यावर लिहिलेले खरे असेल अशी आशा माणूस करतो. आमच्या वसतिगृहातही असे डबे आहेत. या अंकाच्या वाचकांतही काहींच्या खोलीत असतील.

तेव्हा सध्या जे ठाऊक आहे ते सांगून टाकणे बरे. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर दहा वर्षांहून अधिक काळ एक प्रयोग चालला. निम्म्यांना रोज सर्व जीवनसत्त्वांची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी निव्वळ गोळी. २०१२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. गोळी घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी कमी आढळले, पण हृदयविकाराच्या बाबतीत काहीही फरक पडला नाही. पुढे २०२४ मध्ये सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांची वीस वर्षांहून अधिक काळची माहिती तपासली गेली, तेव्हा रोज अशी गोळी घेणारे जास्त जगतात असे दिसून आले नाही. ज्याच्या रक्तात बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व खरोखर कमी आहे त्याने डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते अवश्य घ्यावे, शाकाहारी माणसाला बी-१२ कमी पडते हे खरेच आहे. पण ते औषध झाले. सर्वांना, सर्व काही, रोज, या गोष्टीला आधार थोडा आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे च्यवनप्राश नाही का? आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा, म्हणजे दीर्घायुष्य आणि बळ देणाऱ्या योगांचा, आणि दुसरा वाजीकरणाचा. म्हातारा च्यवन ऋषी पुन्हा तरुण झाला तो हा लेह खाऊन, असे तेथे सांगितले आहे. पाचशे आवळे, दशमुळे, तूप, तिळाचे तेल, खडीसाखर, मध, पिंपळी असा त्याचा मोठा पाक. आपल्या नाशिकचा या विद्येशी निकटचा संबंध आहे. १९०७ मध्ये वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला तो याच शहरात. सरकारदरबारी आयुर्वेदाला मान नव्हता, वैद्य विखुरलेले होते. त्यांना एकत्र आणण्याची खटपट पदेशास्त्र्यांनी केली आणि दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, ते वारले. परंतु चरकाचा रसायनाध्याय नीट पाहिला तर असे दिसते की रसायन घेण्याआधी शरीरशुद्धी, पथ्य, ठरलेली दिनचर्या या गोष्टी सांगितल्या आहेत, आणि सत्य बोलणे, न रागावणे, वेळेवर झोपणे यालाही तेथे रसायनच म्हटले आहे. बाटलीच्या लेबलावर हा भाग मावत नाही.

असो. राजेसाहेबांकडे वळू.

त्यांच्या सर्व गोष्टी आपण डोळे मिटून मान्य कराव्यात असे माझे म्हणणे नाही. नमस्काराने रोग जातात, म्हातारपण लांबते, सौंदर्य वाढते, असे त्यांचे दावे पुढे पुढे फार वाढत गेले. एका परीने नमस्कार हाच त्यांचा सर्व काही एकात असलेला डबा झाला. आचार्य अत्र्यांनी १९३३ मध्ये 'साष्टांग नमस्कार' हे नाटक लिहिले, त्यात नमस्काराचे वेड लागलेले रावबहादूर आहेत. महाराष्ट्र पोट धरून हसला. ज्या वेडाची थट्टा घरोघर समजते ते वेड घरोघर पोचलेले असले पाहिजे, असा अर्थ मी त्यातून घेतो. तरी थट्टेत तथ्य होतेच. आणखी एक गोष्ट मला टोचते. साने गुरुजी विद्यार्थी म्हणून काही काळ औंधच्या शाळेत होते. कोकणातून आलेला गरीब मुलगा, हाताने स्वयंपाक करणारा, कधी अर्धपोटी राहणारा. पुढे ज्यांनी आपल्या नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली 'श्यामची आई' लिहिली, तेच हे गुरुजी. अशा मुलाने सकाळी रांगेत उभे राहून सक्तीचे नमस्कार घालायचे आणि मग दूध, ताक, मोड आलेली कडधान्ये कोठून आणायची? हातसडीचा तांदूळ राजाच्या ताटात व्रत असतो, गरिबाच्या ताटात तो असला तरी पुरेसा नसतो. आरोग्याचा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला पाहिजे, मग तो राजा असो वा डब्याचा कारखानदार.

राजेसाहेबांच्या बाजूने एवढे म्हणता येते की त्यांनी हा प्रश्न निदान टाळला नाही. त्यांच्या संस्थानात लोकांना काम मिळावे म्हणून त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला. १९१० मध्ये निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ओगल्यांचा काच कारखानाही औंधच्याच हद्दीत निघाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली ती त्यांनी लाख रुपयांच्या मदतीचा शब्द दिला म्हणून. औंधच्या यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी बांधलेले चित्रसंग्रहालय आजही आहे. त्यात रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे शिल्पही आहे, एका खेड्यात! १९३५ च्या इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

१९३६ मध्ये ते विलायतेला गेले. तेव्हा वय ६७ पूर्ण. लंडनच्या एका दैनिकाची लुईस मॉर्गन नावाची लेखिका त्यांना भेटली, त्यांची प्रकृती पाहून चकित झाली आणि तिने लेखमाला लिहिली. पुढे १९३८ मध्ये तिच्या संपादनाखाली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. अशा रीतीने सँडोच्या शहरात सँडोचा माजी शिष्य शिकवायला गेला. स्वतः सँडो तोवर या जगात नव्हता. त्याची कोकोची कंपनी १९१६ मध्ये, महायुद्ध चालू असताना, बुडाली. १९२५ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी तो वारला आणि त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता. शक्ती विकणाऱ्यांचा तो आद्य पुरुष. पण साठीही त्याला गाठता आली नाही.

येथे एक मोह होतो, तो मी टाळतो. सँडो १८६७ चा, राजेसाहेब १८६८ चे, आणि राजेसाहेबांच्या आश्रयाने औंधला स्वाध्याय मंडळ चालवणारे, वेदांचे भाष्यकार व सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही १८६७ चे. पंडितजी १९६८ पर्यंत, म्हणजे शंभरी ओलांडून जगले. यावरून नमस्काराचे गणित मांडायला कोणीही सरसावेल. पण तीन माणसांवरून सिद्धांत होत नाही. १४ हजार माणसांवरूनही केवढ्या कष्टाने होतो ते वर पाहिलेच. राजेसाहेबांच्या व पंडितजींच्या आयुष्यात नमस्कारांखेरीज वेळेवर जेवण, निर्व्यसन, रोजचे काम आणि आवडीची विद्या याही गोष्टी होत्या. श्रेय कोणाकोणाला वाटणार?

१९३८ मध्ये, सत्तरी गाठताना, या राजाने जे केले ते दुसऱ्या क्वचितच कोणा संस्थानिकाने केले असेल. आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे त्यांनी जाहीर केले. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार केली आणि १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर उभारलेले स्वराज्य औंधमध्ये सुरू झाले. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. 'दो आँखे बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागे तीच आहे. माझ्या मते शरीराविषयीचा आणि राज्याविषयीचा त्यांचा विचार एकाच ठिकाणाहून निघाला होता. बळ बाहेरून आणून द्यायचे नाही, ज्याचे त्याने रोज थोडे थोडे कमवायचे.

मावसभावाला मी हे सारे सांगितले. नमस्काराने भरतीत गुण मिळतात का, एवढेच त्याने विचारले, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. डबा संपल्यावर त्याने दुसरा आणला नाही. रात्रीची खानावळ पुन्हा लावली, त्यात शेंगदाणे, गूळ आणि दोन उकडलेल्या अंड्यांची भर घातली. वजन सावकाश भरून येत आहे. भरती अजून व्हायची आहे.

१९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. गांधीहत्येनंतरच्या दंगलीच्या त्या वर्षी पंडित सातवळेकरांनी औंध सोडले आणि ते गुजरातेत पारडीला गेले. राजेसाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षात वारले. त्यांनी बसवून दिलेला सूर्यनमस्कार थोड्याफार फरकाने आता जगभर घातला जातो, आणि घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना औंध कोठे आहे हे ठाऊक नसते.